मजुराचे आरोग्य हा कारखान्याचाच हिशेब

ऊसतोड मजुरांच्या आरोग्याचा विषय निघाला की साखर कारखान्यांचे एक उत्तर ठरलेले असते: मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे. कागदावर ते खरे आहे. उचल मुकादमामार्फत वाटली जाते, टोळी तोच बांधतो. पण तोडणीचा कार्यक्रम कोण आखतो? कारखानाच. तुटलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही तर वजन घटते, साखरेचा उतारा खाली येतो आणि ते नुकसानही कारखान्याचेच असते. तेव्हा फडातल्या माणसाची प्रकृती कारखान्याच्या ताळेबंदाबाहेर ठेवता येत नाही.

ही प्रकृती कशी आहे? नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एक जण आजारी पडला की जोडीचे काम बसते आणि खाड्याचा दंडही भरावा लागतो. म्हणून पाळीच्या दिवसांतही बाई दिवसभर वाकून ऊस तोडते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. फडावर ना शौचालय, ना पुरेसे पाणी. दुखणे अंगावर काढत शेवटी 'पिशवी काढण्या'ची वेळ येते. 2019 साली बीड जिल्ह्यात सरकारने केलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातले प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. वयोगटातला फरक धरला तरी ही तफावत नशिबाची नाही, कामाच्या पद्धतीची आहे. ऑपरेशनसाठी कर्ज होते, ते फेडायला पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागते आणि तेच दुखरे शरीर पुन्हा फडात उभे राहते.

यावर आक्षेप येतो की सोयींचा खर्च परवडणार नाही. एल साल्वाडोरमध्ये 2014-15च्या हंगामात ऊसतोड कामगारांना पाणी, सावली, ठरावीक विश्रांती आणि सुधारित कोयता देऊन पाहिले. एका गटाची तोड माणशी रोजी 5.1 टनांवरून 7.3 टनांपर्यंत गेली. प्रयोग लहान होता आणि कोयताही बदलला होता, हे मान्य. पण विश्रांतीमुळे काम बुडते ही समजूत तिथे टिकली नाही. दुसरा आक्षेप यंत्राचा: तोडणी यंत्रानेच होणार असेल तर मजुरांवर खर्च कशाला? पण तोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात आहे आणि लहान तुकड्यांत ते नीट चालत नाही; तोवर गाळप कोयत्यावरच उभे आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: खर्च एका कारखान्याने करावा आणि पुढच्या हंगामात ती टोळी दुसऱ्याकडे जावी, मग फायदा कोणाचा? पण हा आक्षेप खर्चाविरुद्ध नाही, एकट्याने खर्च करण्याविरुद्ध आहे. त्याचे उत्तर सामाईक निधी हेच. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, हे ठरलेलेच आहे. हा पैसा फडावरचे शौचालय, पाणी, फिरता दवाखाना आणि दंडाविना आजारपणाची रजा यांवर दिसला पाहिजे. कारखान्यांच्या संचालकांनी त्याकडे दानधर्म म्हणून पाहू नये; ऊस वेळेवर गव्हाणीत पडण्यासाठी लागणारा तो खर्च आहे.