काजव्यांचा पडदा

मुलांनो, गेल्या आठवड्यात मी डोलवीला ताईकडे गेलो होतो. पेणहून वडखळच्या दिशेला लागलं की हे गाव येतं. डोलवी म्हणजे पोलादाचा कारखाना, हे तर तुम्हाला ठाऊकच असेल. रात्री त्या बाजूचं आभाळसुद्धा तांबूस दिसतं. भावोजी पाळीत काम करतात. मी पोचलो तेव्हा ते रात्रपाळी करून झोपले होते आणि घरात दबक्या आवाजात भांडण चालू होतं.

कारण काय, तर हॉलमधला टीव्ही बिघडला होता. दुरुस्तीचा खर्च ऐकून नवाच घ्यायचं ठरलं, आणि नववीतले आमचे भाचेबुवा हट्टाला पेटले.

"मामा, तूच सांग आईला. ओएलईडी घ्यायचा, एकशेवीस हर्ट्‌झवाला. त्याला कॉम्प्युटर जोडला की गेमिंगला एक नंबर!"

"किंमत विचार त्याला," ताई म्हणाली.

किंमत ऐकली आणि मी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हटलं, "वही-पेन्सिल आण. बघूया, हे पैसे कशाचे आहेत."

आधी साधा पडदा घेऊ. घरोघरी असतो तो एलसीडी. दुकानात 'एलईडी टीव्ही' म्हणून विकतात ना, तोही बहुतेक वेळा आतून एलसीडीच असतो, फक्त मागचे दिवे एलईडीचे. एलसी म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली रायनिट्झर नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या पदार्थावर काम करत होता, तेव्हा त्याला हा विचित्र प्रकार प्रथम दिसला. धड द्रव नाही, धड स्फटिक नाही! एलसीडीमध्ये मागे दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढे प्रत्येक ठिपक्याला या द्रवस्फटिकाचं एक इवलंसं दार असतं. दार उघडलं की उजेड, मिटलं की अंधार. पण हे दार पूर्ण घट्ट मिटत नाही. आज रात्री खोलीतला दिवा घालवा आणि टीव्हीवर अगदी काळोखाचं दृश्य लावून बघा. काळा रंग राखाडी दिसेल. शिवाय दार हलायला सेकंदाचे काही हजारांश भाग जातात, त्यामुळे धावत्या वस्तूच्या मागे पुसट शेपटी दिसते.

ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. मे महिना संपताना आपल्याकडे झाडावर काजवे चमकतात, तसंच. काजवा विझला की तिथे काळाकुट्ट अंधार. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीत, हो, फोटोचे रोल बनवणारी तीच, चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली असा नीट उजळणारा सेंद्रिय पदार्थांचा पातळ थर जगापुढे मांडला. त्यानंतर वीस वर्षांनी, २००७ साली, सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही बाजारात आणला. केवढा? अकरा इंच! आपल्या वहीएवढा.

या काजव्यांची उघडझाप दारापेक्षा कितीतरी चपळ असते, त्यामुळे ती शेपटी जवळजवळ नाहीशी होते. इथपर्यंत भाच्याचं म्हणणं सोळा आणे खरं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" त्याने आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

आता हर्ट्‌झ. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, तो हा आकडा. समजा पडद्यावर आडवे १९२० ठिपके आहेत आणि चेंडू एका सेकंदात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. साठ हर्ट्‌झवर चेंडू एका उडीत ३२ ठिपके ओलांडेल, एकशेवीसवर १६. उडी लहान, तेवढी हालचाल मऊ.

यात एक गंमत लपली आहे. गाडी हमरापूर स्टेशनात न थांबता धडधडत जाते तेव्हा फलाटावरची पाटी वाचायचा प्रयत्न केलाय कधी? नजर पाटीवर रोखून मान फिरवली तर अक्षरं लागतात. पण नजर गाडीबरोबर पुढेच जात राहिली तर पाटीचा नुसता पिवळा पट्टा होतो. पाटी जागच्या जागी, नजर मात्र सरकती, म्हणून. पडद्यावर नेमकं हेच होतं. तुमचे डोळे चेंडूबरोबर सरकत असतात, पण एकेक चित्र सेकंदाचा साठावा भाग जागीच थांबून राहतं. मग चेंडू फरकटलेला दिसतो. हा दोष काजव्यांच्या पडद्यालाही चुकत नाही! ठिपका कितीही चपळ असला तरी चित्र थांबून राहिलं की फरकटणार.

"मग जुन्या डबा टीव्हीत?" भाच्याने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. त्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत प्रत्येक ठिपका क्षणभर चमकवून पुढे जायचा, ठिपका लगेच मालवायचा. पावसाळी रात्री वीज चमकते आणि धावत्या गाडीतूनही झाड न् झाड स्पष्ट दिसतं ना, तशी ती झलक. म्हणून आजीचा तो जाडजूड डबा धावता चेंडू दाखवण्यात आजच्या साठ हर्ट्‌झच्या भारी पडद्यालाही हरवेल. नव्या पडद्यांपैकी काहींत दोन चित्रांच्या मध्ये काळं चित्र घालून हीच युक्ती करतात. पण मग उजेड कमी होतो, आणि काहींना ती लुकलुक सोसत नाही, डोकं दुखतं.

डोळ्यांवर बांधायच्या खेळाच्या चष्म्यातही अशीच क्षणभराची झलक वापरतात. त्या चष्म्याबद्दल पालकांसाठी एवढंच की सोनीने आपल्या चष्म्याला १२ वर्षांची अट घातलेली आहे आणि मेटा कंपनीने २०२३ साली ती १३ वरून १० वर आणली. घेण्याआधी खोक्यावरची ही ओळ जरूर वाचा.

तर पुन्हा वहीकडे. मी भाच्याला म्हटलं, "तुझा आवडता गेम चालू कर आणि कोपऱ्यात तो आकडा लाव, सेकंदाला किती चित्रं तयार होतात त्याचा." आकडा आला ४०.

"आता भाग दे. १२० भागिले ४०."

"तीन," तो म्हणाला आणि गप्प झाला. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलायला तयार, पण संगणक चित्रं देणार चाळीसच. म्हणजे एकेक चित्र तीन-तीनदा दाखवायचं. पैसे १२० चे, हालचाल ४० ची! मला विचाराल तर पडद्याची जाहिरात करणाऱ्यांनी ही गोष्ट मोठ्या अक्षरांत छापायला हवी.

एव्हाना भावोजी उठले होते. त्यांचा प्रश्न वेगळाच. "हा टीव्ही माझ्या सुट्टीच्या दिवशी बातम्यांवर दिवसभर चालतो. दुपारी आईच्या मालिका. त्याचं काय?"

हीच काजव्यांची दुखरी बाजू. सेंद्रिय ठिपके जळता जळता म्हातारे होतात, आणि निळे सगळ्यांत आधी. बातम्यांची खालची पट्टी, वाहिनीचं चिन्ह, गेमच्या कोपऱ्यातला नकाशा, या गोष्टी तासन्‌तास एकाच जागी उजळतात. तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतात आणि त्या जागी कायमचा ठसा उमटतो. दुकानदार त्याला 'बर्न-इन' म्हणतात. कंपन्या चित्र हळूच इकडेतिकडे सरकवतात, स्थिर भाग मंद करतात, त्याचा उपयोगही होतो. वेगवेगळे कार्यक्रम पाहणाऱ्या घरात ठसा उमटायला वर्षं लागतात. पण दिवसभर एकच पट्टी? मी तरी जोखीम घेणार नाही. निदान हमीपत्रात ठसा धरलाय का, हे आधी विचारा.

संध्याकाळी आम्ही पेणला एका दुकानात गेलो. भाच्याने घरून पेनड्राइव्हवर नुसतं राखाडी चित्र नेलं होतं. दुकानदाराने हसत लावून दिलं, आणि राखाडी रंगात खाली एक फिकट आडवी पट्टी दिसली! "हा शोसाठीचा पीस आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत तीच फिल्म चालते," त्यांनी सरळ सांगून टाकलं. भला माणूस.

"यावर उपाय निघणारच नाही का?" परतताना भाच्याने विचारलं. निघतोय. मायक्रो-एलईडी नावाचे पडदे आलेत. त्यांत काजवे सेंद्रिय नसतात, त्यामुळे असे लवकर थकत नाहीत. पण फोर-के पडद्याला ३८४० गुणिले २१६० ठिपके, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे. करा गुणाकार: २,४८,८३,२००. केसाच्या जाडीसारखे अडीच कोटी दिवे अचूक बसवायचे! दहा हजारांत एकच चुकला तरी सुमारे अडीच हजार दिवे बिघडलेले. म्हणून त्यांची किंमत अजून आपल्यासारख्यांनी विचारायचीसुद्धा नाही.

भावोजी म्हणाले, "आपल्याकडे बनले तर स्वस्त होतील." तेही तळेगावचं विसरले नव्हते. वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा चिप आणि पडद्यांचा प्रकल्प तिथे येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातेत जाणार असं जाहीर झालं आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली.

शेवटी हॉलसाठी एलसीडीच ठरला, पण मागे शेकडो छोट्या दिव्यांचे गट असलेला. जिथे अंधार हवा तिथला गट मंद होतो. काळ्या आभाळातल्या चंद्राभोवती थोडं खळं दिसतं, ते चालवून घ्यायचं. वाचलेल्या पैशांतून संगणकाचं ग्राफिक्स कार्ड बदलायचं की नाही, हा निर्णय भावोजींनी सहामाहीच्या निकालापर्यंत पुढे ढकलला आहे.

निघताना भाचा माळ्यावर चढून काहीतरी शोधत होता. "आजी, आपला तो जुना डबा टीव्ही कुठंय?"

"तो? दोन वर्षांपूर्वीच भंगारवाल्याला दिला," आजी म्हणाल्या. "दीडशे रुपये आले होते."