घर कोणाचे, निवड कोणाची?

गेल्या सुट्टीत आम्ही माझ्या आईसाठी पुण्यात ज्येष्ठांच्या संकुलात घर पाहून आलो. ती एवढेच म्हणाली, “मला विचारलंत का?”

‘अथश्री’सारखी संकुले म्हणजे वृद्धाश्रम नव्हेत. स्वतःचे घर, स्वतःची किल्ली, शिवाय समवयस्कांचा शेजार. पण ईसा टाउनमध्ये बसून माहितीपत्रकावरून निवड करू नये. आजी-आजोबांना बरोबर न्यावे, जमल्यास आठ दिवस राहून पाहू द्यावे. रात्री दुखले-खुपले तर कोण येते, दरमहा खर्च किती, अंथरुणाला खिळल्यावर तिथेच राहता येते का, हे आपण विचारावे. ‘हो’ मात्र त्यांनीच म्हणावे.

आणि मुलांनो, दर शुक्रवारी त्यांना फोन करा. मराठीत! तिकडचे घड्याळ अडीच तास पुढे असते, एवढे लक्षात ठेवा.