हळदीचा खरा मान

नांदेड-लातूरकडे मिसळणाच्या डब्यात हळद नाही, असे घर शोधूनही सापडणे कठीण. वरणाला चिमूटभर हळद, बोट कापले की जखमेवर हळद, घसा धरला की गरम दुधात हळद. आणि लग्नघरी तर हळदीवाचून मंगलकार्यास आरंभच नाही. अर्धापूर-वसमतच्या काळ्या रानातील कंद शिजवून उन्हात वाळवले जातात आणि हळकुंडे होऊन नांदेडच्या बाजारात येतात. नित्य परिचयामुळे या पिवळ्या कंदाची थोरवी मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती एकदा साऱ्या जगाच्या ध्यानात आली. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट, म्हणजे त्या उपयोगाचा एकाधिकार, मिळाला. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. ‘हे तर आमच्या आजीलाही ठाऊक आहे’, एवढे म्हणून भागण्यासारखे नव्हते. जुने ग्रंथ आणि १९५३ साली छापलेला एक शोधनिबंध पुराव्यादाखल पुढे ठेवावे लागले. अखेर १९९७ साली ते पेटंट रद्द झाले.

आजीच्या ज्ञानाचा विजय झाला, तो पुराव्याच्या बळावर. म्हणूनच हळदीचे गुण सांगतानाही पुराव्याची मर्यादा सोडणे योग्य नव्हे. हळदीला पिवळा रंग देणारे कुर्क्युमिन हे द्रव्य सूज कमी करते आणि काही जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. परंतु हळदीत ते शेकडा ३ च्या आसपासच असते, आणि पोटात गेल्यावर त्यातले फारच थोडे रक्तात उतरते. तेव्हा रोजच्या जेवणातील हळद हितकारक खरी. पण ती सर्व रोगांवरील रामबाण औषध होय, असे म्हणणे खरे नव्हे. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण अशाच उतावळेपणाला हसते. खोल जखम झाली असता हळद चेपून घरी बसण्यापेक्षा दवाखाना गाठणेच शहाणपणाचे. शिवाय रंग खुलावा म्हणून हळदीत कोठे कोठे शिसेयुक्त रंगाची भेसळ होते, आणि शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. म्हणून नुसत्या पिवळेपणाला भुलू नये.

पूर्वजांचे ज्ञान तुच्छ लेखणे जसे अनुचित, तसेच ते न पारखता फुगवून सांगणेही अनुचित. जे पारखून घेतले, तेच जगापुढे टिकते. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणाऱ्याकडून हळदीचा मान वाढत नाही.