शिंप्यांचे आरोग्यधाम

क्षयरोगाचा इतिहास हा फार मोठ्या प्रमाणात श्रमिकांच्या घरांचा आणि त्यांच्या कामाच्या जागांचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत पूर्व युरोपातून आलेले हजारो ज्यू स्थलांतरित कपडे शिवीत असत. क्षयाला तेथे ‘शिंप्यांचा रोग’ असेच नाव पडले होते. औषध उपलब्ध नव्हते. कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढेच वैद्यांजवळ होते. म्हणून खोकणारा कामगार उरलीसुरली पुंजी घेऊन कोलोरॅडोतील डेन्व्हर या उंचावरील शहराची वाट धरी आणि तेथे पोचताच निराधार होई.

अशा रुग्णांसाठी डेन्व्हरमध्ये दोन ज्यू धर्मादाय संस्था उभ्या राहिल्या. त्यांच्यातील भेद कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे.

पहिली संस्था नॅशनल ज्युइश हॉस्पिटल. तिची इमारत १८९३ साली बांधून तयार झाली. परंतु त्याच वर्षी अमेरिकेवर आर्थिक अरिष्ट कोसळले आणि निधीअभावी ती सहा वर्षे रिकामी राहिली. १८९९ च्या डिसेंबरात तिची दारे उघडली. उपचार सर्वस्वी मोफत होते. ऐपतदारास प्रवेशच नव्हता. हे औदार्य मोठे होते यात शंका नाही. पण आरंभीचा नियम असा, की रोगाच्या पहिल्या अवस्थेतील, बरा होण्याजोगा रुग्णच घ्यावयाचा. ज्याचा आजार बळावला होता त्याला दारातून परत फिरावे लागे. दात्याने आपल्या दानाचे फळ दिसावे अशी अपेक्षा धरली, की निवड अटळ होते. आणि निवडीत सर्वांत गरजू माणूसच प्रथम गळतो.

दुसरी संस्था १९०४ साली स्थापन झालेली ज्युइश कन्झम्प्टिव्हज रिलीफ सोसायटी. तिच्या संस्थापकांत कष्टकरी स्थलांतरितच बहुसंख्य होते. तिचे सूत्रधार डॉ. चार्ल्स स्पिव्हाक हे झारशाहीविरोधी चळवळीमुळे १८८२ साली रशिया सोडून आलेले गृहस्थ. संस्थेपाशी इमारत नव्हती, म्हणून तंबूंत रुग्ण ठेवले. देशभरातल्या सामान्य माणसांच्या लहान लहान वर्गण्यांवर ती वाढली. तिने कोणत्याही अवस्थेतील रुग्णाला आत घेतले. अखेरच्या अवस्थेतील माणसालाही खाट, अन्न आणि सन्मान मिळाला पाहिजे, ही तिची भूमिका होती. स्वतः त्या रोगाच्या छायेत जगणाऱ्यांना निवड करणे सुचतच नाही.

ज्यू समाजातील हा वर्गभेद महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिले. त्यांच्या पेढीची संपत्ती कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आली होती, आणि पुढे ससून घराणे मुंबईतील मोठे गिरणीमालक झाले. याउलट कोकणातले बेने इस्राएल हे तेलघाणा चालविणारे ‘शनवार तेली’. ठाण्यातील त्यांचे १८७९ चे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

औषधे आली आणि आरोग्यधामांचे युग संपले. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले, की गरीब, दाटीच्या घरांत राहणारा रुग्णही नियमित औषधाने आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो. मात्र घर आणि ताट यांचा प्रश्न सुटला नाही. झारखंडमधील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले.

सरकारने २०१८ साली २०२५ पर्यंत क्षयमुक्त भारताची घोषणा केली. २०२४ साली जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतातच होता. पोषणासाठी दरमहा ५०० रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आणि २०२२ पासून रुग्णांना शिधा पुरविण्यासाठी ‘निक्षय मित्र’ म्हणून दाते शोधले जात आहेत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला धान्य द्यावे, ते स्वागतार्हच आहे. परंतु शासनाने आपले कर्तव्य दात्यांच्या मर्जीवर सोपविले, की डेन्व्हरच्या पहिल्या दाराशी जे घडले तेच पुन्हा घडते: कोणाला दाता लाभतो, कोणाला लाभत नाही.

वर्तकनगर आणि वागळे इस्टेट परिसरातील कार्यकर्त्यांसमोर म्हणूनच निश्चित काम आहे. कामगार राज्य विमा योजनेत अटी पुऱ्या करणाऱ्या विमाधारक क्षयरुग्णास दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के लाभ मिळू शकतो. पण ज्या कंत्राटी मजुराचे, घरकामगार स्त्रीचे वा फेरीवाल्याचे नाव विम्याच्या वहीतच नाही, त्याला खोकला लपवून कामावर जावे लागते. कंत्राटी कामगारांची विमानोंदणी करून घेणे, असंघटितांसाठी आजारपणातील वेतनाची मागणी लावून धरणे आणि रुग्णाच्या संपूर्ण कुटुंबाचा शिधा हक्क म्हणून मिळविणे, ही कामे हाती घेतली पाहिजेत. डेन्व्हरच्या कष्टकऱ्यांनी वर्गणी काढून जे तंबूत केले, ते कर भरणाऱ्या श्रमिकांच्या राज्याने करू नये, याला कोणतीही सबब पुरी पडणार नाही.