खिडकीवर एक पाटी लावा!

परवा भाच्याचे मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठात गेलो होतो. नाव लिहीत नाही. रात्रभर बसमध्ये अंग आंबवून सकाळी गेटवर पोचलो आणि संध्याकाळी हात हलवत परत फिरलो.

खिडकीची वेळ साडेदहाची, उघडली सव्वाअकराला. फॉर्म तिथे नाही, गेटवरच्या झेरॉक्सवाल्याकडे. म्हणजे उन्हातून एक किलोमीटर मागे. पैसे चलनाने बँकेत भरायचे, तर बँकेत सर्व्हर डाऊन. ऑनलाइनही भरता येतात, हे रांगेतल्या एका पोराने सांगितले. मोबाईलवरून भरले, तर पावतीचा प्रिंट पाहिजे म्हणे! पुन्हा झेरॉक्सवाला, तिथे वीज गेलेली. प्रिंट घेऊन आलो तोवर जेवणाची सुट्टी. अडीचनंतर कळले की गुणपत्रिकेच्या प्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. ती मिळवेपर्यंत चार वाजले. मग ते ठरलेले वाक्य : "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या."

खिडकीतल्या कारकुनाला मी दोष देणार नाही. तो एकटा, समोर ही रांग, आणि दिवसभर तेच तेच प्रश्न. माझा राग आहे तो या खिडकीसमोर कधीच उभे न राहिलेल्यांवर.

जरा विचार करा. ती गुणपत्रिका छापली कुणी? याच विद्यापीठाने. मग स्वतःच दिलेला कागद खरा आहे, हे त्याला तिसऱ्याच माणसाने का सांगावे? कुणी म्हणेल, बोगस सर्टिफिकेटे निघतात, काळजी घ्यावीच लागते. घ्या ना! पण खरे-खोटे आतल्या रजिस्टरात कळते, ओळख ना पाळख अशा अधिकाऱ्याच्या शिक्क्यात नाही. प्रतींवर अर्जदाराचीच सही चालवा, असे केंद्र सरकारने २०१४ सालीच सांगितले. २०१५ मध्ये डिजिलॉकर आले. आमच्या गोव्यात २०१३ पासून वेळेत सेवा देण्याचा कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात तर सेवा, मुदत आणि फी यांची यादी कचेरीच्या फलकावर लावायला सांगितली आहे. म्हणजे उपाय शोधायचा नाही, फक्त भिंतीवर खिळा ठोकायचा आहे.

कोणते कागद, किती पैसे, कुठे भरायचे, किती दिवसांत मिळणार, सही करणारे साहेब नसतील तर कोण... पाच ओळी, त्या भागातल्या लोकांच्या भाषेत. एवढी पाटी असती तर माझ्या निम्म्या खेपा वाचल्या असत्या.

माझे काय, एक रात्र लॉजवर काढली आणि दुसऱ्या दिवशी काम झाले. पण माझ्या मागे एक बाई लेकीला घेऊन उभी होती. रोजावर जाणारी. पोरीच्या प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. "उद्या या" ऐकल्यावर तिने कुणाशी वाद घातला नाही. लेकीला एवढेच विचारले, "उद्याचा रोज पण बुडवायचा काय गो?"

पोरगी गप्प राहिली. ज्यांनी उत्तर द्यायचे, ते मीटिंगमध्ये होते.