मेंदू कोवळा, पण चावी कोणाची?

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्श मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाकडून त्याला जामीन मिळाला आणि अट काय, तर अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध! महाराष्ट्र संतापला. पुढे जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली, तेव्हा ‘श्रीमंताला एक न्याय, गरिबाला दुसरा’ हा सूर पुन्हा उमटला. हा संताप आम्हाला समजतो. तरीही मंडळाच्या या दुसऱ्या निर्णयाबाबत आमचे मत वेगळे आहे आणि ते काही वाचकांना रुचणार नाही.

मेंदूशास्त्र सांगते की, थरार आणि बक्षिसाला भुलणारा मेंदूचा भाग वयात येतानाच जोर धरतो. त्याला लगाम घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. अमेरिकेतील टेंपल विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी किशोरांना व प्रौढांना संगणकावर गाडी चालवायला लावली. एकटे असताना किशोरही प्रौढांइतकेच जपून चालवत. मित्र पाहत आहेत असे कळताच त्यांची धोका पत्करण्याची वृत्ती वाढली आणि मेंदूच्या चित्रणात बक्षिसाशी संबंधित भाग अधिक सक्रिय दिसला. प्रौढांत तसे आढळले नाही. २०११ चा हा अभ्यास आहे.

म्हणून बाल न्याय कायद्याचे तत्त्व बरोबरच आहे. वकील म्हणून आमच्याकडे येणारी मुले बंगल्यातली नसतात, झोपडपट्टीतली असतात. पोर्शच्या रागात हे कवच फोडले, तर पहिला घाव त्यांच्यावर बसेल.

पण मोठ्यांचे काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. आपल्याला माहीत नव्हते हे सिद्ध करण्याचा भारही त्यांच्यावरच. पुण्यात तर मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा पोलिसांचा आरोप आहे आणि त्यात आईवडिलांसह ससूनच्या डॉक्टरांनाही अटक झाली. हे मेंदू काही कोवळे नव्हते.

मुंबईत कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेले सात मजूर एका मोटारीखाली चिरडले गेले. चालक विशीतला, मद्य प्यायलेला. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले! उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षे केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो ही जाणीव तरुण मेंदूलाही असते, असाच याचा अर्थ. मात्र पदपथावर झोपलेला मजूर हा माणूस आहे, हे कोणाला तरी आधी शिकवावे लागते. ते घरात शिकवले जाते, किंवा शिकवले जात नाही.

बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम सांगितले तेवढे करायला लावतो, तत्त्व माणसाला स्वतः विचार करून जबाबदार व्हायला लावते. चौकात हवालदार दिसला की हेल्मेट घालणारा माणूस नियम पाळतो, एवढेच.

आणि आपण? १४ एप्रिलच्या रात्री निळा झेंडा लावून, एका दुचाकीवर तिघे बसून, सायलेन्सर काढून सुसाट जाणारी पोरे कोणाची आहेत? स्टाइनबर्ग यांनी प्रयोगशाळेत पाहिले तेच आपण रस्त्यावर पाहतो. पाचवे शील प्रमाद घडवणाऱ्या मद्यापासून दूर राहायला सांगते. ते विहारात म्हणायचे आणि मिरवणुकीच्या मागे बाटली फिरवायची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

येत्या जयंतीच्या बैठकीत आमच्या वस्तीतल्या मंडळापुढे आम्ही एक ठराव मांडणार आहोत. अठराखालच्या मुलाच्या हाती गाडीची चावी देणाऱ्या बापाला स्वयंसेवकाचा बिल्ला द्यायचा नाही, मग तो कितीही जुना कार्यकर्ता असो. काही जण चिडतील. चिडू द्या.