वाट पाहणाऱ्यांचें नाटक

नाटकास कथानक हवें, कथानकास गांठ हवी, आणि ती शेवटच्या अंकांत सुटली पाहिजे, अशी आपल्या सुशिक्षित प्रेक्षकाची जुनी समजूत आहे. ती वाईट आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत जें एक नाट्य जन्मास आलें, तें या समजुतीस मुळींच जुमानीत नाहीं. त्यास आपल्याकडे 'असंगत नाट्य' असें नांव पडलें आहे. ज्या पाश्चात्य शब्दाचें हें भाषांतर, त्याचा एक जुना अर्थ संगीतांतला आहे: बेसूर. हीं नाटकें म्हणजे विद्वानांच्या चर्चेची सोय, सामान्य माणसास त्यांत कांहीं गम्य नाहीं, असा प्रवाद वरचेवर कानीं येतो. त्यांतील तथ्य पाहावयाचें तर एकाच नाटकाची हकीकत पुरे.

सॅम्युएल बेकेट हा जन्मानें आयरिश. पण १९४८-४९ च्या हिवाळ्यांत त्यानें तें नाटक लिहिलें फ्रेंच भाषेंत. पुढें त्यानेंच त्याचें इंग्रजी केलें, आणि 'वेटिंग फॉर गोदो' या नांवानें तें जगभर झालें. पॅरिसच्या बाबिलोन नाट्यगृहांत ५ जानेवारी १९५३ रोजीं त्याचा पहिला प्रयोग झाला. एक निर्जन रस्ता, एक उघडें झाड, आणि दोन भणंग माणसें. तीं गोदो नांवाच्या कोणा गृहस्थाची वाट पाहत आहेत. बूट काढावा, टोपी झटकावी, गाजर खावें, भांडावें, पुनः समेट करावा, असा वेळ चालला आहे. एक धनी आपल्या चाकराच्या गळ्यांत दोर अडकवून त्यास हांकीत येतो आणि जातो. अखेर एक मुलगा निरोप आणतो कीं गोदो आज येत नाहीं, उद्यां खास येईल. दुसऱ्या अंकांत झाडास चार पानें फुटलीं आहेत, धनी आंधळा व चाकर मुका झाला आहे. निरोप मात्र तोच.

हा गोदो कोण, हें बेकेटनें अखेरपर्यंत सांगितलें नाहीं. युद्धकाळीं तो जर्मनांविरुद्धच्या एका गुप्त मंडळांत होता. १९४२ मध्यें तें फुटल्यावर दक्षिण फ्रान्समधील रूसियों या खेड्यांत तो लपून राहिला, आणि शेतावर राबत युद्ध संपण्याची वाट पाहत बसला. नाटक म्हणजे त्याच दिवसांचें चित्र होय, असें म्हणण्याचा मोह होतो; आम्ही तो आवरतों, कारण तसें म्हटलें कीं नाटक लहान होतें.

३ जानेवारी १९५६ रोजीं अमेरिकेंतील मायामी येथें या नाटकाचा प्रयोग झाला. थंडीच्या दिवसांत तेथें हवा खावयास येणाऱ्या सुखवस्तु मंडळींना, ही एक पोट धरून हंसविणारी करमणूक आहे अशी जाहिरात करून बोलाविलें होतें. पुष्कळ मंडळी पहिला अंक संपतांच उठून गेली. त्यांस दोष कशाला द्यावा? श्रीखंडाच्या बोलीवर कोणी कारल्याची भाजी वाढली तर पाहुणा उठावयाचाच.

पुढल्याच वर्षीं, १९ नोव्हेंबर १९५७ रोजीं, हेंच नाटक कॅलिफोर्नियांतील सान क्वेंटिन या तुरुंगांत झालें. प्रेक्षक सुमारें १४०० कैदी. तुरुंगांत यापूर्वीं नाटक झालें होतें तें १९१३ सालीं, सारा बर्नहार्ट ही नटी आली तेव्हां. गोदोची निवड होण्याचें मोठें कारण इतकेंच कीं, त्यांत स्त्रीपात्र नाहीं! दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाउ आणि त्याचे नट भयभीत होते. पॅरिस-लंडनच्या रसिकांनीं जेथें नाकें मुरडलीं, तेथें हे दरवडेखोर काय करतील? कैद्यांच्या वृत्तपत्रानें नंतर लिहिलें कीं, कांहीं दांडगे गडी पोरी व थट्टामस्करी पाहण्याच्या आशेनें आले होते आणि अंधार होतांच निसटण्याचा त्यांचा बेत होता. ते शेवटपर्यंत हलले नाहींत. मार्टिन एस्लिन यानें १९६१ सालच्या आपल्या ग्रंथाचा आरंभ याच प्रसंगानें केला आहे, आणि त्या ग्रंथानेंच या नाट्यप्रकारास त्याचें नांव दिलें.

कैद्यांना गोदो कोण हें विचारावें लागलें नाहीं. सुटकेचा दिवस, घरचें पत्र, फेरविचाराचा अर्ज. उद्यां खास, हें उत्तर त्यांच्या नित्याच्या ओळखीचें होतें. सार्त्रनेंही आपल्या नाटकांतून मानवी जीवनाच्या निराधारतेचा विचार मांडला आहे, पण वकिलाप्रमाणें, मुद्द्यास मुद्दा जोडून. काम्यूचा १९४२ सालचा सिसिफसवरील निबंधही तर्कशुद्धच आहे. बेकेट युक्तिवाद करीत नाहीं. तो प्रेक्षकास दोन तास वाट पाहावयास बसवितो, आणि ज्यास वाट पाहणें ठाऊक आहे त्यास तेवढें पुरतें.

आपल्याकडील वाचकास येथें मायावादाची आठवण होईल. ती घाई करूं नये. मायेपलीकडे ब्रह्म आहे, या आश्वासनावर आमचा वेदान्त उभा आहे. बेकेट तें आश्वासन देत नाहीं, आणि पलीकडे कांहींच नाहीं असेंही सांगत नाहीं. निरोप्या येतो खरा, एवढेंच तो दाखवितो.

त्या रात्रीं रिक क्लची नांवाच्या जन्मठेपेच्या कैद्यास कोठडीबाहेर पडण्याची परवानगी नव्हती. त्यानें नाटक पाहिलें नाहीं, ध्वनिक्षेपकावरून ऐकलें. पुढें त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तुरुंगांतच नाटकमंडळी काढून बेकेटचीं नाटकें केलीं. १९६६ मध्यें तो सुटला, आणि १९७७ सालीं बर्लिन येथें खुद्द बेकेटनेंच त्यास आपल्या एका नाटकांत भूमिका बसवून दिली.

वाचकांपैकीं कोणास हें नाटक वाचावयाचें असल्यास एकट्यानें मनांत वाचूं नये. घरांतील दोघांनीं मोठ्यानें वाचावें, आणि जेथें लेखकानें स्तब्धता सांगितली आहे तेथें खरोखरच थांबावें. निम्मी गंमत त्या स्तब्धतेंत आहे. लहान मुलें जवळ असलीं तर असूं द्यावींत. बुटाच्या प्रसंगीं तींच आधीं हंसतील.